मागचं फाटक

मे महिना अर्ध्यावर आला की आमच्या मजल्यावर दोन वास एकदम येतात. एक सुकटीचा आणि दुसरा ताज्या कापलेल्या लाकडाचा. सुकटीचा वास घराघरांतून येतो, कारण पावसाळ्यात मासळी बंद व्हायच्या आधी सुक्या मासळीची बेगमी करून ठेवायची असते. या दिवसांना आमच्या कोकणात आगोट म्हणतात. लाकडाचा वास समोरच्या बागेतून येतो, कारण पावसात फांद्या कुणाच्या डोक्यात पडू नयेत म्हणून याच दिवसांत झाडं छाटतात. यंदाही टेम्पो आला, शिडी लागली, करवत घरघरायला लागली आणि मी हातातलं काम टाकून खिडकी लावून घेतली. उकाड्याने जीव नकोसा झाला होता, पण तो आवाज मला ऐकवत नाही. सासूबाई आतून म्हणाल्या, "लाव गो, लाव. माका पण नको तो."

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. तीन मजली जुन्या इमारतींची ही वसाहत आहे. गिरण्यांच्या काळात कोकणातून आलेल्यांची मुलं-नातवंडं, वाशीम-बुलढाण्याकडून आलेली बौद्ध कुटुंबं, सगळे एकमेकांच्या गॅलरीत वाढलेले. आता कुणी लॅबमध्ये आहे, कुणी मॉलमध्ये, कुणी माझ्यासारखं शाळेत. बागेच्या पलीकडे, मोठ्या रस्त्याच्या अंगाला, टॉवर उभे राहिले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. बाग मधोमध आहे. तिला दोन फाटकं. पुढचं टॉवरकडे, मागचं आमच्याकडे. मागचं फाटक उंच, गंजलेलं, वर भाल्यासारखी टोकं असलेलं. त्याची एक बिजागरी निखळलेली होती, त्यामुळे ते नीट लागायचंच नाही आणि म्हणून कायम उघडं असायचं. पुढे जे झालं ते याच फाटकावर झालं, म्हणून त्याचं एवढं वर्णन.

त्या फाटकातून आत शिरलं की लगेच दोन बाकं होती आणि त्यांच्यावर एक भलामोठा रेन ट्री. उन्हं कलली की तिथे आमच्या वसाहतीतल्या बायका जमायच्या आणि माझ्या सासूबाई त्यांच्या म्होरक्या. एरवी त्यांच्या मांडीवर मेथी किंवा गवार असायची, पण आगोटीत सुकटीने भरलेलं सूप. सुकट निवडणं हे फार वेळखाऊ काम आहे. एकेका सुक्या कोळंबीचं डोकं आणि शेपटी मोडायची, मधे आलेला शिंपला, काडी, एखादा नखाएवढा खेकडा वेचून टाकायचा. दोन खोल्यांच्या घरात हे काम केलं तर आठवडाभर उशीसुद्धा सुकटीची होते. म्हणून बाग. कावळे फांदीवर ओळीने बसायचे, बागेतली मांजरं बाकाखाली, आणि वरून बारीक बारीक पानं गळत राहायची, ती सुकटीतून परत वेचावी लागायची. सासूबाई झाडालाच शिव्या घालायच्या.

हात सुकटीत आणि डोळे बागेत. कोण आलं, कोण गेलं, कुणाची पोर कुणाबरोबर कोपऱ्यात बोलत बसली, कोण माणूस उगाच एकाच झाडाखाली उभा आहे, हे सगळं त्यांना दिसायचं. एकदा एक पोट सुटलेला गृहस्थ दोरीच्या उड्या मारणाऱ्या मुलींकडे बघत बराच वेळ उभा होता. सासूबाईंनी सूप खाली ठेवलं आणि मोठ्यांदा विचारलं, "काय हो, कोणाची वाट बघतास? नाव सांगा, आमी हाक मारतंव." बाकीच्या बायकांनीही हात थांबवून त्याच्याकडे पाहिलं. तो गेला तो परत दिसला नाही.

मला या बायकांचं कौतुक नव्हतं, हेही सांगून टाकते. नव्या नवरीच्या दिवसांत मी नवऱ्याबरोबर बागेत एक भेळ खाल्ली तर घरी पोचायच्या आत सासूबाईंना तिच्यातल्या कांदा-कैरीसकट पत्ता लागलेला होता. अशा नजरांखाली राहणं म्हणजे वैताग असतो. माझं माहेर वाकोल्याचं. तिथे बाग नव्हती, नाल्याला लागून एक गल्ली होती आणि गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाल्याची बायको बसायची. कॉलेजातून यायला उशीर झाला की ती कोळशाची इस्त्री हवेत धरून विचारायची, "आज लेट?" मला तिचा इतका राग यायचा. ती गावी गेली की गल्ली कशी मोकळी वाटायची, आणि त्याच मोकळ्या गल्लीत मी जरा भरभर चालायचे. का चालायचे, याचा विचार मी तेव्हा केला नव्हता.

आता प्रज्ञाबद्दल. प्रज्ञा आमच्या खालच्या मजल्यावरच्या इंगळ्यांची थोरली. वडील एका मॉलमध्ये लिफ्टची देखभाल करायचे, आई दवाखान्यात आयाचं काम. बारावी झाल्यावर प्रज्ञाने सकाळी औषधांच्या दुकानात काम धरलं आणि संध्याकाळी पोलीस भरतीची तयारी सुरू केली. भरतीत लेखी परीक्षेच्या आधी मैदानी चाचणी असते. मुलींना आठशे मीटर धावायचं, शिवाय गोळा फेकायचा. क्लास लावायची ऐपत नव्हती, मैदान जवळ नव्हतं, बाग होती. बागेच्या मागच्या भागातून एक मातीची पायवाट वळसा घालून यायची, कुणी फरशा घातल्या नव्हत्या, पायाला मऊ. ती तिथे धावायची. चपला आजींच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, बाकाखाली, मोबाइल आजींच्या ओटीत, आणि पोरगी अनवाणी सुसाट.

तिची आई, सविताताई, एकदा गॅलरीत कपडे वाळत घालताना मला म्हणाली होती, "मॅडम, मायी पोरगी पोलीस झाली का बस. मंग मले काही नको. वर्दी घालून आली न, तं तिले घेऊन मी अख्ख्या वसाहतीतून चालीन." आणि खरंच चालून दाखवलं तिने गॅलरीतल्या गॅलरीत, खांदे मागे टाकून, हातात ओला टॉवेल. आम्ही दोघी हसलो होतो.

धावताना प्रज्ञा ओठ घट्ट मिटून घ्यायची आणि बघायची एकदम समोर. बाकांजवळून गेली की बायका ओरडायच्या, "पाय उचल गो!" ती तशीच धावता धावता म्हणायची, "उचलतेय ना आजी! उडू काय आता?" थांबली की गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकायची आणि सासूबाई तिला पाणी द्यायच्या, आधी एक घोट, मग दम, मग पुढचा घोट. एकदा मीही सुट्टीत तिथे सूप घेऊन बसले होते. ती येऊन माझ्याशेजारी टेकली आणि म्हणाली, "काकू, झकास टायमिंग आलं आज. सुकटीचा वास आला ना, की मला कळतं, राउंड संपला. डोळे मिटून पण येईन मी." मग थोड्या वेळाने, घाम पुसत, म्हणाली, "घरात ना मी सारखी कुणाच्या तरी पायात येते. इथे मधे कुणीच नसतं."

ते वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. मी शाळेत मुलींना निबंध शिकवते, तेव्हा अशा वाक्यांसाठी माझा कान तयार असतो.

दोन वर्षांपूर्वीच्या आगोटीत टॉवरमधल्या वैद्यबाईंच्या गळ्यातली साखळी कुणीतरी खेचली. संध्याकाळची वेळ, पुढच्या फाटकाशी. दोघे मोटरसायकलवरून आले, मागच्याने हात घातला आणि मोठ्या रस्त्याने निघून गेले. भेळवाल्याने बघितलं, वॉचमनने बघितलं. वैद्यबाईंच्या मानेवर लाल वळ उठला होता. मी त्यांना भेटायला गेले तेव्हा त्या मानेला ओढणी गुंडाळून बसल्या होत्या आणि डोअरबेल वाजली की दचकत होत्या. मला त्यांचं वाईट वाटलं. आजही वाटतं. भीती खोटी नव्हती, एवढंच म्हणायचं आहे मला.

त्यांचे यजमान बागेच्या समितीचे सचिव. टॉवरवाल्यांनी बाग देखभालीसाठी घेतली होती, त्यामुळे समिती त्यांची. सभा त्यांच्याच हॉलमध्ये झाली, एसी लावून. आमच्याकडून मी आणि सासूबाई गेलो. वैद्य सभ्य माणूस. हात जोडून म्हणाले, "आपल्या सगळ्यांच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. राजकारण नको." मग एकेक जण उठून बोलायला लागला. झुडपं फार वाढली आहेत, आत कोण लपलंय कळत नाही. झाडांच्या खालच्या फांद्या काढा, कॅमेऱ्याला आड येतात. बाकं काढा, नको ते लोक बसतात. मागचं फाटक बंद करा.

मी म्हटलं, "अहो, चोर मोटरसायकलवरून आले, पुढच्या रस्त्याने पळाले. मागच्या फाटकाचा काय संबंध?"

"मॅडम, पाळत ठेवणारा मागूनच येत असणार ना," एक जण म्हणाला. "तिकडे सगळं उघडंच असतं."

"तिकडे आम्ही राहतो," मी म्हटलं.

"तुमच्याबद्दल कुठे बोलतोय आम्ही? तुम्ही तर टीचर."

मग मागच्या रांगेतून एक बाई हळूच म्हणाल्या की त्या सुक्या माशांचंही काहीतरी करा, मुलांना उलटी येते. दोघं-तिघं हसले आणि लगेच गंभीर झाले. मला तेव्हा कळलं की ही यादी साखळी खेचायच्या आधीपासूनच तयार होती. सासूबाई उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "चोर काय झाडार रवता, म्हणान झाडा तोडतास?" चोर काय झाडावर राहतो, हा त्यांचा सवाल हॉलमधल्या बहुतेकांना समजलाच नाही. ज्यांना समजला त्यांनी फोनमध्ये पाहिलं.

छाटणीचे दिवस होतेच. दरवर्षी चार फांद्या जायच्या, त्या वर्षी सकाळपासून दुपारपर्यंत करवत थांबली नाही. मागच्या बाजूचं मेंदीचं कुंपण मुळासकट उपटलं. अडुळशाची झुडपं गेली, त्यांतून एक भारद्वाज बाहेर पडला आणि दिवसभर कंपाउंडच्या भिंतीवरून इकडून तिकडे चालत राहिला. रेन ट्रीचा अर्धा पसारा खाली आला. कापलेल्या फांद्यांवर गुलाबी फुलं तशीच होती, ट्रकमध्ये भरेपर्यंत ती मलूल झाली. बाकं कुदळीने उखडली. मग एक वेल्डर आला, त्याने फाटकाची निखळलेली बिजागरी पक्की केली, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते फाटक नीट लागलं. त्याला साखळी घातली, कुलूप लावलं. भिंतीवर पाटी लागली की बागेत घरगुती कामे करू नयेत. खांबावर कॅमेरा बसला, पांढरे दिवे लागले. जावळ काढलेल्या पोरासारखी बाग दिसायला लागली. टॉवरमधल्या एकीने फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि खाली टाळ्या वाजवणारे हात आले.

बायका उठल्या त्या जिन्यात बसायला लागल्या. आम्हाला बागेत जायचं तर आता नाल्याच्या कडेने मोठा वळसा घालून पुढच्या फाटकाशी जावं लागणार होतं. सासूबाईंच्या गुडघ्यांना ते झेपणारं नव्हतं, आणि झेपलं असतं तरी आत बसणार कुठे? त्यांनी सुकट गच्चीवर नेली. कावळ्यांनी निम्मी पळवली. संध्याकाळी त्या गॅलरीत उभ्या राहून बागेकडे बघायच्या. "दिव्यांचो उजेड पडलो, पण माणूस खंय?" त्या म्हणायच्या. मी म्हणायचे, असू दे हो आई. टॉवरमधले लोक पुढच्या अर्ध्या भागात, जिथे फरशा होत्या तिथे, घड्याळ लावून चालायचे आणि घरी जायचे. मागचा अर्धा भाग कुणाचाच राहिला नाही. वॉचमनची खुर्ची पुढच्या फाटकाशी होती.

प्रज्ञा मात्र जात राहिली. तिला सविताताईने विचारलं, मी विचारलं. ती म्हणाली, "जाऊ दे ना काकू, वळसा तर वळसा. वॉर्मअप होतो. आता सोडलं तर वाट लागली माझी, पावसानंतर भरती लागेल." चपला ती हातात धरून धावायला लागली होती, कारण बाक नव्हतं. मग एक दिवस फाटकाच्या गजाला अडकवून ठेवायला लागली. मी गॅलरीतून बघायचे, कुलूपबंद फाटकाला आतल्या बाजूने दोन निळ्या चपला लटकतायत.

जूनचे पहिले दिवस. आभाळ भरून यायचं आणि तसंच निघून जायचं. दिवेलागणीची वेळ होती. जे घडलं ते मला प्रज्ञाने सांगितलं तेवढंच माहीत आहे, आणि तिने ते एकदाच सांगितलं. पायवाटेच्या मागच्या वळणावर एक माणूस उभा होता. तिने त्याला आधी पाहिलं नव्हतं. ती जवळून गेली तेव्हा त्याने तिचा टी-शर्ट धरला. तिने हिसडा मारला आणि ती धावली. तिच्याएवढं वेगाने धावणारं त्या बागेत कुणीच नव्हतं. पुढच्या फाटकाकडे धावली असती तर तो तिला शिवूही शकला नसता. पण ती धावली मागच्या फाटकाकडे, घराकडे. दोन वर्षं रोज ज्या वाटेने पाय गेले, त्याच वाटेने ते गेले. घाबरलेलं माणूस घराच्या दिशेनेच पळतं, त्याला कुणी कुलपाची आठवण कशी करून द्यावी?

फाटकाशी पोचल्यावर तिला कुलूप दिसलं. तो मागे होताच. ती वर चढली. त्याने तिचा एक पाय धरला, तिने दुसऱ्या पायाने त्याच्या तोंडावर लाथ घातली आणि पलीकडे उडी टाकली. टाच टोकात अडकली.

किंकाळी पहिल्यांदा सासूबाईंनी ऐकली. गुडघे दुखतात म्हणणारी बाई जिना कशी उतरली ते मला आजही कळलेलं नाही. जिन्यात बसलेल्या सगळ्या बायका धावल्या. प्रज्ञा फाटकाच्या आमच्या बाजूला अर्धी लोंबत होती, एक पाय वर. आम्ही तिला खालून उचलून धरलं, कुणीतरी खुर्ची आणली, वसाहतीतल्याच इस्माईल प्लंबरने वर चढून तिची टाच सोडवली. सविताताई "मायी पोरगी, मायी पोरगी" एवढंच म्हणत होती. फाटकाच्या आत पांढऱ्या दिव्याखाली पायवाट रिकामी होती. तो माणूस पुढच्या फाटकाने वॉचमनसमोरून चालत बाहेर गेला.

कॅमेऱ्याने सगळं पाहिलं होतं. मी वैद्यांच्या घरी त्यांच्या लॅपटॉपवर ते चित्र बघितलं. एक मुलगी धावत येते, थबकते, चढते. एका माणसाची पाठ. मग माणूस जातो आणि चौकटीत फक्त दोन चपला उरतात. पोलिसांनी ते चित्र नेलं, चौकशी केली, त्या पाठीवरून कुणी सापडलं नाही. कॅमेऱ्याला मी दोष देत नाही. सूप खाली ठेवून "काय हो, कोणाची वाट बघतास?" असं विचारणं त्याच्या कामात येत नाही.

टाचेमागची शीर तुटली होती. ऑपरेशन झालं, मग जखम चिघळली, परत ऑपरेशन झालं. वैद्य हॉस्पिटलात आले होते, फळांची पिशवी घेऊन. सविताताईसमोर उभे राहिले, हात जोडले आणि पिशवी पुढे केली. सविताताईने पिशवी घेतली, कारण आलेल्या माणसाला परत पाठवायचं नसतं. मला त्या पिशवीचा भयंकर राग आला. डॉक्टर म्हणाले, चालता येईल. ते चांगली बातमी सांगितल्यासारखं म्हणाले. प्रज्ञाने विचारलं, "आणि आठशे मीटर?" त्यांना प्रश्नच कळला नाही.

त्यानंतर समितीने काय करावं? बाग संध्याकाळी सहाला बंद. भिंत आणखी उंच. सभेत एक जण म्हणाला, "बघा, आम्ही सांगत होतो ना, जागा सेफ नाहीये." मी तिथे उठून काय काय बोलले ते मला नीट आठवत नाही. आवाज चढला होता एवढं आठवतं, आणि घरी येऊन मी भांडी घासत रडले.

शाळेत मुली निबंधात लिहितात, उद्याने ही शहराची फुप्फुसे आहेत. मी त्याखाली बरोबरची खूण करते. दुसरं काय करणार? त्यांना हे कसं सांगू की झाडं असून भागत नाही, झाडाखाली कुणीतरी रिकामटेकडं, चौकस, थोडं आगाऊ बसलेलं असावं लागतं? आणि ते बसावं म्हणून सावली लागते, बाक लागतं, घरापासून दोन मिनिटांची वाट लागते. हे काही निबंधात बसत नाही. परीक्षेत मार्क जातील.

दोन वर्षं आम्ही त्या फाटकामागे लागलो. सह्या नाहीत, मोर्चा नाही, नुसतं मागे लागणं. भाजी आणताना वैद्य दिसले की सासूबाई त्यांना रस्त्यात अडवायच्या. मी समितीच्या प्रत्येक सभेत जाऊन तेच तेच बोलायचे. कुलूप काढा, दोन बाकं परत ठेवा, बायका बसतील. लोक मला बघून घड्याळ बघायला लागले होते. पण वैद्यांच्या मनात काहीतरी हललेलं असावं. त्यांची बायकोही आता कंटाळली होती. सहानंतर घरातल्या घरात टीव्हीसमोर किती चालणार? गेल्या आठवड्यात वैद्य स्वतः आमच्या घरी आले, चहा घेतला, आणि म्हणाले, "मॅडम, लोक अजून घाबरतात. पण त्या मुलीने सभेत येऊन सांगितलं ना की उघडा, तर कुणाची विरोध करायची हिंमत नाही होणार. मी उघडतो."

मी त्याच पावली खाली गेले. प्रज्ञा आता त्या औषधांच्या दुकानातच दिवसभर असते, बसून बिलं करते; तेव्हा नुकतीच घरी आली होती. ती म्हणाली, "येते काकू." मला वाटलं, बोलेल ती. सासूबाईंनी तर सूपसुद्धा धुऊन वाळत ठेवलं.

रविवारी सभा झाली. हॉल भरला होता, आमच्या वसाहतीतूनही पहिल्यांदाच एवढी माणसं आली होती. वैद्यांनी सगळं नीट मांडलं आणि म्हणाले, "आता प्रज्ञाताई बोलतील. त्या म्हणतील ते समितीला मान्य." ती खुर्चीच्या पाठीला धरून उठली. सगळ्यांनी माना वळवल्या. ती एकदम समोर बघत होती, ओठ घट्ट मिटून.

"बंदच ठेवा," ती म्हणाली.

कुणाला वाटलं ऐकण्यात चूक झाली. वैद्यांनी परत विचारलं. तिने परत तेच सांगितलं, जरा मोठ्याने, आणि खाली बसली. हॉलमधून सुटकेचा एक श्वास निघाला, मला तो ऐकू आला. एकाने टाळीही वाजवली. सासूबाईंनी माझा हात धरला होता, तो त्यांनी सोडला. ठराव झाला. फाटक विटांनी कायमचं बुजवून टाकायचं, म्हणजे प्रश्नच नको.

घरी परतताना सासूबाई आणि मी प्रज्ञाच्या चालीने चालत होतो, हळू; सासूबाईंच्या गुडघ्यांनाही तेवढंच झेपत होतं. नाल्याच्या कडेने तोच लांबचा वळसा. सविताताई पुढे होती, मागे वळून बघत नव्हती. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. जिन्याशी आल्यावर प्रज्ञा थांबली.

"काकू, रागावलात?"

"नाही गं."

"सगळ्या आजींचं मन मोडलं मी. माहितेय मला." तिने कठड्यावर हात ठेवला. "पण उघडं राहिलं ना, तर रोज संध्याकाळी मला तिथून दिसणार, कुणीतरी पोरगी धावताना. मला धावता येत असतं ना काकू, तर मीच उघडा म्हणाले असते."

मग ती कठडा धरून जिना चढायला लागली. प्रत्येक पायरीवर आधी चांगला पाय, मग दुसरा. आम्ही दोघी तिच्या मागे, ती वर पोचेपर्यंत, खालीच उभ्या राहिलो.